फिनाईल नको, तापाची गोळी नको : डॉक्टर येईपर्यंत काय करायचं

पत्र

नमस्कार डॉक्टर काका,
आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्यापासून बरंच आत आहे. घरी बैलजोडी, एक गाय, राखणीचा कुत्रा वाघ्या आणि मांजर चिंगी. या महिन्यात वाघ्या रानडुकराच्या मागं लागला आणि त्याच्या मांडीला सुळा लागला. चार-पाच दिवसांत जखमेत किडे पडले. बाबांनी ढोरांना टाकतात तसं फिनाईल ओतलं. किडे मेले, पण आजूबाजूची कातडीच सोलून निघाली आणि दोन दिवस तो भाकरीला शिवला नाही. त्याच आठवड्यात चिंगीचं एक पिल्लू गरम लागत होतं, म्हणून मी माझ्या तापाच्या गोळीचा पाव तुकडा दुधातून दिला. रात्रीच ते गेलं. आई म्हणते, त्याचं आयुष्यच तेवढं होतं. माझ्यामुळं गेलं का? आता कपाशीवर फवारणी सुरू होईल, मागच्या उन्हाळ्यात वाघ्याला झळही लागली होती. डॉक्टर लवकर मिळत नाहीत. घरी काय ठेवावं, काय करावं, सांगा.
— एक वाचक

उत्तर

ताई, आधी पिल्लाचं सांगतो, कारण तुमचं मन तिथंच अडकलंय हे पत्रावरून कळतं. हो, ते बहुतेक त्या गोळीनंच गेलं. तुम्ही सरळ विचारलंत म्हणून सरळ सांगतो. तापाच्या साध्या गोळीत पॅरासिटामॉल असतं. माणसाचं यकृत ते पचवून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृतात त्यासाठी लागणारं द्रव्य जवळजवळ नसतंच. मग त्या औषधाचं शरीरातच विष होतं, रक्त तपकिरी पडतं आणि ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं. हिरड्या मातकट-निळसर होतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. मोठ्या मांजराचा जीव जायला एक गोळी पुरते, मग मूठभर पिल्लाला पाव तुकडा किती जास्त झाला ते बघा. हे तुम्हाला कुणी सांगितलेलंच नव्हतं. मेडिकलवाला सांगत नाही, गोळीच्या पाकिटावर लिहिलेलं नसतं. आता तुम्हाला कळलंय, तर गल्लीतल्या प्रत्येक मांजरवाल्या घरी सांगा. पुन्हा कुठं असं घडलंच तर वाट न बघता डॉक्टरकडं न्यायचं. पहिल्या काही तासांत नेलं तर त्यावर उतारा देता येतो.

कुत्र्याचंही तसंच. अंगदुखीच्या गोळ्या, म्हणजे डायक्लोफिनॅक आणि आयब्युप्रोफेन, कुत्र्याच्या पोटात व्रण करतात आणि मूत्रपिंड निकामी करतात. डायक्लोफिनॅकची जनावरांसाठीची औषधं आपल्या देशात २००६ मध्ये बंद झाली ती गिधाडांपायी. ते औषध दिलेलं ढोर मेल्यावर त्याचं मांस खाऊन गिधाडं मरत होती. कुत्र्याला ते चालतं असं कुणी सांगितलं तरी देऊ नका.

आणि ते पिल्लू तापलेलं होतं का, हाही प्रश्नच आहे. आपलं अंग ९८.६ फॅरनहाइटवर असतं. कुत्र्या-मांजराचं मुळातच १०१ ते १०२.५ च्या आसपास असतं. म्हणजे आपल्याला जो सणसणीत ताप, तो वाघ्याचा रोजचा आकडा. हात लावून ते गरमच लागणार. म्हणून घरात पहिली वस्तू आणायची ती साधा डिजिटल थर्मामीटर, त्यांच्यासाठी वेगळा. टोकाला थोडं खोबरेल तेल लावायचं, शेपटी उचलून गुदद्वारात बोटाच्या पेरभर आत सारायचं आणि बीप वाजेपर्यंत धरायचं. १०३ च्या वर गेलं की डॉक्टरला फोन. ९९ च्या खाली गेलं तरी फोन. लहान पिल्लू थंडगार पडणं हे तापण्याइतकंच वाईट, किंबहुना जास्त.

आता वाघ्याची जखम. याच्यावर मी सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडं पावसाळ्यात कुत्र्यांचे जितके हाल किड्यांनी होतात, तितकेच त्या किड्यांवर ओतलेल्या औषधांनी होतात. माशी ओल्या जखमेवर अंडी घालते आणि एका दिवसात त्याच्या अळ्या होतात. त्या मांस खात आत शिरतात. वरून छिद्र रुपयाएवढं दिसतं आणि आत पोकळी वाटीएवढी असते. वास येतो, कुत्रा सतत तिथंच चाटतो, अंधारात जाऊन बसतो. त्यावर फिनाईल ओतलं, डिझेल ओतलं, डांबरगोळी कुटून भरली, की अळ्या मरतात खऱ्या, पण हे सगळं उघड्या मांसातून अंगात भिनतं. वरून कुत्रा ते चाटतो आणि पोटात घेतो. वाघ्या दोन दिवस जेवला नाही तो त्यामुळंच. मेलेल्या अळ्या आतच सडतात ते वेगळं. बाबांना बोल लावू नका. त्यांच्या हाताशी जे होतं ते त्यांनी टाकलं. पण कोठा धुवायची बाटली यापुढं कोठ्यापुरतीच.

पुन्हा किडे दिसले तर असं करा. एकानं वाघ्याला धरायचं, तेही त्याच्या ओळखीच्या माणसानं. कितीही गुणी कुत्रा असला तरी दुखल्यावर चावतो, म्हणून जुन्या सुती ओढणीची पट्टी तोंडाभोवती गुंडाळून मानेमागं गाठ मारा. मात्र त्याला उलटी होत असेल किंवा धाप लागली असेल तर तोंड बांधायचं नाही. कात्रीनं जखमेच्या भोवतालचे केस चांगले बोटभर रुंद कापा. केस ओले राहिले की माशी परत येते. एक लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात दोन लहान चमचे मीठ टाका आणि सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजनं ते जखमेत जोरानं मारा, पाणी स्वच्छ बाहेर येईपर्यंत. मग तोंडाशी खोबरेल तेलाचा किंवा व्हॅसलीनचा जाड थर द्या. अळी शेपटीच्या बाजूनं श्वास घेते. हवा बंद झाली की ती आपसूक वर सरकते आणि चिमट्यात सापडते. घाई करायची नाही. एकेक अळी पूर्ण बाहेर आली पाहिजे, तुटून अर्धी आत राहता कामा नये. काढलेल्या अळ्या साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाका, उकिरड्यावर नको. शेवटी पोव्हिडोन आयोडीन, म्हणजे जखम धुवायचं तपकिरी औषध, फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून धुवा आणि जखम मोकळी ठेवून त्यावर माशी बसणार नाही असा डॉक्टरनं दिलेला स्प्रे मारा. दुसऱ्या दिवशी हे सगळं पुन्हा करायचं, कारण खोलवरच्या अळ्या पहिल्या दिवशी निघत नाहीत. दवाखान्यात टर्पेंटाईनचा बोळा वापरतात. तो अनुभवी हाताचा मामला आहे, मांजराला तर कधीच नको. जखम डोळ्याजवळ, कानाच्या आत किंवा गुदद्वारापाशी असेल तर घरी हातच घालू नका.

फिनाईल पडलंच असेल तर अंगाच्या साबणानं आणि भरपूर पाण्यानं धुऊन काढायचं आणि चाटू द्यायचं नाही. जुन्या प्लास्टिकच्या बादलीचा तळ गोल कापून, कडा कापडानं मऊ करून गळ्यात अडकवली तरी काम भागतं. हळदीचं विचाराल, तर ओरखड्यावर चिमूटभर चालते. खोल जखमेत भरली की तिची खपली धरते आणि खाली पू साचला तरी दिसत नाही.

रानडुकराच्या सुळ्याचं आणखी एक. सुळा पोटाला लागला आणि आतडं बाहेर आलं तर ते आत ढकलू नका. स्वच्छ कापड उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यात भिजवा, त्यात आतडं झाका, वरून पोटाभोवती लुगड्याचा पट्टा सैलसर बांधा आणि निघा. वाटेत पाणी, दूध काही पाजू नका, भूल द्यावी लागते. नुसतं रक्त वाहत असेल तर घडी घातलेलं कापड त्यावर दाबून ठेवा, किमान पाच मिनिटं. मधेमधे उचलून बघितलं की गोठायला लागलेलं रक्त पुन्हा सुटतं.

फवारणीचं तुम्ही आधीच विचारलंत हे फार बरं केलं. २०१७ च्या हंगामात आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर गेले, ते गावोगाव आठवत असेल. जे औषध माणसाला श्वासातून आणि कातडीतून मारतं, त्याच ड्रममधलं पाणी वाघ्या तहान लागली की पितो, आणि फवारलेल्या पऱ्हाटीतून फिरून घरी येऊन पाय चाटतो. बाधा झाली की तोंडातून लाळेच्या तारा लागतात, डोळ्यातली बाहुली टिंबाएवढी होते, अंग थरथरतं, हगवण लागते, धाप लागते. औषध अंगावर पडलं असेल तर हातमोजे घालून, नाहीतर हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून, साबणानं पुन्हा पुन्हा धुवा. पोटात गेलं असेल तर मिठाचं पाणी पाजून ओकायला लावू नका. त्या मिठानंच कुत्री दगावतात, आणि झटके येत असलेल्या जनावराच्या तोंडात काही ओतलं की ते फुप्फुसात जातं. दूध, तूप, तेल यांनी विष उतरत नाही, उलट काही औषधं स्निग्धाबरोबर जास्त लवकर शोषली जातात. तुमचं काम एकच : औषधाची बाटली किंवा पुडा सोबत घेऊन डॉक्टर गाठायचा. बऱ्याच कीटकनाशकांवर ॲट्रोपिन हा उतारा चालतो, पण कोणतं औषध ते कळलं तरच डॉक्टर नेमका मारा करू शकतो. फवारणीच्या दिवशी वाघ्याला घरी बांधा आणि घंगाळात पाणी भरून ठेवा. ड्रम पालथा घालून यायची सवय गड्यालाही लावा.

उंदराच्या औषधाचे दोन प्रकार आहेत आणि दोघांची चाल वेगळी. काळी भुकटी म्हणजे झिंक फॉस्फाईड. पोटातल्या आम्लाशी मिळून त्याचा विषारी वायू होतो. म्हणून वरून भाकर चारायची नाही, आणि जनावर ओकलं तर मोकळ्यावर न्यायचं, त्या उलटीवर वाकायचं नाही, तो वायू माणसालाही बाधतो. दुसरा प्रकार वड्यांचा, केकचा. तो खाल्लेला कुत्रा दोन-चार दिवस ठणठणीत दिसतो आणि मग नाकातून, हिरड्यांतून, लघवीतून रक्त जायला लागतं. खाताना पाहिलं असेल तर ‘काही झालं नाही’ म्हणून थांबू नका. व्हिटॅमिन के वेळेवर सुरू झालं की हा कुत्रा हमखास वाचण्यातला असतो.

साप चावला तर बांधायचं नाही, कापायचं नाही, मिरची-कडुनिंब चारून बघत बसायचं नाही. घोणस किंवा फुरसं असेल तर थोबाड नाहीतर पाय भराभर सुजतो आणि रक्त थांबत नाही. नाग किंवा मण्यार असेल तर सूज फारशी नसतानाही पापण्या जड होतात, लाळ गळते, मागचे पाय लटपटतात. कुत्र्याला चालवू नका, बाजेवर किंवा पोत्यावर उचलून न्या. चालण्यानं विष लवकर पसरतं. या चारही सापांवर माणसांना देतात तीच लस कुत्र्याला चालते. ती सगळीकडं शिल्लक असेलच असं नाही, म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा. नाहीतर नेलं एका ठिकाणी आणि लस दुसऱ्याच ठिकाणी, असं होतं.

उन्हाची झळ. नवतप्यात आपल्याकडं पारा ४५ सेल्सिअसच्या वर जातो आणि टिनाच्या छपराखाली साखळीला बांधलेला कुत्रा अक्षरशः भाजून निघतो. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग गार करतो. जीभ लांब बाहेर, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या, उलटी, ही खूण दिसली की आधी तिथंच गार करायचं, मग गाडी बघायची. सावलीत घ्या आणि पोटावर, जांघेत, काखेत, पंजांवर साधं पाणी ओतत रहा. समोर पंखा लावा, नाहीतर सुपानं वारा घाला. बर्फाच्या पाण्याची वाट बघू नका. ओलं पोतं अंगावर टाकून ठेवायचं नाही, ते थोड्या वेळात तापतं आणि झाकणासारखं बसतं. थर्मामीटर १०३ वर आला की पाणी थांबवा. शुद्धीत असेल तर घोटघोट पिऊ द्या, नळीनं पाजू नका. आणि उठून शेपटी हलवायला लागला तरी डॉक्टरला दाखवा. मूत्रपिंडाचं नुकसान एक-दोन दिवसांनी बाहेर पडतं.

पिसाळण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ते सांगितल्याशिवाय मला हे उत्तर पाठवता येत नाही. वाघ्याला रेबीजची लस दिलीय का? पत्रात कुठं उल्लेख नाही. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरा डोस, मग दरवर्षी. नसेल दिली तर याच महिन्यात द्या, चिंगीलाही. दुसऱ्या कुत्र्यानं वाघ्याला चावलं तर हातमोजे घालून जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लस आधी दिलेली असली तरी पुन्हा डोस घ्यायला न्या. माणसाला चावलं किंवा ओरखडलं, नाहीतर उघड्या जखमेवर चाटलं, तर तेच पंधरा मिनिटं धुणं, चुना-मिरची काही न लावता, आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथं लस फुकट मिळते. सगळे डोस पूर्ण करायचे. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की मग औषध नाही. एक गोष्ट तर घरातल्या लेकराबाळांनाही सांगा : कुत्र्याचा किंवा गाईचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाहीये, तर घशात हाड अडकलं असं समजून तोंडात हात घालू नका. पिसाळलेलं जनावर दर वेळी अंगावर धावून येत नाही. ते असं गप्पगप्पही असतं, आणि माणसं नेमकी तिथंच फसतात.

आता रोजचं. वाघ्याला दिवसातून पाच मिनिटं हात लावा. कानात बघा, बोटांच्या मधे बघा, ओठ वर करून हिरडी बघा. हिरडी बोटानं दाबून सोडली की पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवा. हिरड्या काळ्या असतील तर डोळ्याची खालची पापणी ओढून आत बघा. ही सवय दोन्हीकडून लागते. तुम्हाला त्याचं चांगलं असतानाचं अंग माहीत होतं, आणि त्याला हात लावून घेणं अंगवळणी पडतं, म्हणजे दुखलं-खुपलं तेव्हा तो झोंबाझोंबी कमी करतो. गोचीड दिसला तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, काडीचा चटका नको. गोचिडानंतर कुत्रा मलूल झाला, जेवण सोडलं, पापणी पांढरी पडली किंवा नाकातून रक्त आलं, तर तो गोचीड-ताप समजा आणि रक्त तपासून घ्या. बैलांवर मारायचं गोचिडाचं औषध वाघ्यावर अंदाजानं ओतू नका. तुमच्या घरी तर चिंगीही आहे. त्यातली बरीच औषधं मांजराला झटके आणतात, आणि ती वाघ्याच्या कुशीत झोपत असेल तर त्याच्या अंगावरचंही तिला लागतं.

जेवणाचं थोडक्यात. ज्वारीची भाकर ताकात कुस्करून, आठवड्यात दोन-तीनदा अंडं, हे चांगलंच आहे. कांदा-लसणाचा रस्सा घालू नका, त्यानं रक्त कमी होतं, मांजराचं तर लवकरच. द्राक्षं, मनुका, चॉकलेट नको. शिजलेल्या कोंबडीचं हाड नको, ते चिरफळ्या होऊन आतड्याला टोचतं. पिल्लांना म्हशीचं दूध पाजू नका, हगवण लागते. आणि कुत्र्याच्या लहान पिल्लाला उलट्या आणि रक्ताची हगवण एकदम सुरू झाली तर तो बहुधा पार्व्हो, म्हणजे पिल्लांचा जीवघेणा विषाणूचा आजार असतो. त्यात एक रात्रसुद्धा थांबायचं नसतं.

घरी ठेवायला एक जुना डबा पुरे : थर्मामीटर, पोव्हिडोन आयोडीन, गॉज आणि पट्ट्या, चिमटा, बोथट टोकाची कात्री, मोठी सिरिंज, हातमोजे, तोंड बांधायची ओढणी. झाकणाच्या आत एक कागद चिकटवा. त्यावर १९६२, म्हणजे फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल-फ्री नंबर, गावाजवळच्या श्रेणी एक पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर आणि रात्री गाडी देणाऱ्या माणसाचा नंबर लिहा. श्रेणी दोनमध्ये पूर्णवेळ पशुवैद्यक असेलच असं नाही, म्हणून जवळचा दवाखाना कोणत्या श्रेणीचा ते आजच विचारून ठेवा. मोठी शस्त्रक्रिया किंवा तपासण्या लागल्या तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि अकोल्याची पशुवैद्यकीय संस्था आहे, तिथं कुत्र्या-मांजरांनाही बघतात. फोनवर बोलताना वजन, वय, काय खाल्लं, किती वाजता आणि थर्मामीटरचा आकडा, एवढं सांगितलंत की अर्धी वेळ वाचते.

वाघ्याच्या मांडीची कातडी आता कशी आहे ते लिहिलं नाहीत. कडा गुलाबी आणि कोरड्या होत असतील तर जखम भरतेय. पिवळं पाणी, वास किंवा गरम सूज असेल तर डॉक्टरकडून अँटिबायोटिक लागेल, मेडिकलमधून मनानं आणू नका. जखम पुरती भरेपर्यंत त्याला जागलीवर नेऊ नका, ओल्या वावरात माशी पुन्हा बसेल.

चिंगीच्या उरलेल्या पिल्लांना जंताचं औषध डॉक्टरकडून वजनाप्रमाणं घ्या, तीन महिन्यांची होईपर्यंत दर दोन-तीन आठवड्यांनी. त्याच वेळी चिंगीलाही द्या. आणि मांजर पिल्लांना पाजत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते, तेव्हा पिल्लं दोन महिन्यांची होऊन तिचं दूध आटलं की तिची नसबंदी करून घ्यायची. त्यासाठी दवाखान्यात आत्ताच तारीख विचारून ठेवा.